साहेब-बटण

ऑफिसात खेळ खेळताना मी आजवर एकदाही पकडला गेलेलो नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण छाती ठोकून सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही. बढती नाही, बक्षीस नाही. पण माझ्या पाठीमागे येऊन 'काय चाललंय?' म्हणणाऱ्या प्रत्येक साहेबाला पडद्यावर कामच दिसलं.

यात माझी हुशारी थोडी, ते खेळ बनवणाऱ्यांची जास्त. नव्वद सालच्या आसपासचे ते खेळ. काळ्या पडद्यावर चार रंगांचा, चौकोनी नाकाचा माणूस. तो धावतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो, पडतो आणि मरतो. तीन जीव संपले की पुन्हा पहिल्यापासून मरायला सुरुवात. आजच्या खेळांतल्या माणसाच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो. आमच्या माणसाला धड तोंडही नव्हतं. पण त्याला जन्माला घालणारे नक्कीच कुठेतरी नोकरीला असणार, कारण त्यांनी खेळात एक खास बटण ठेवलं होतं. साहेब आले की ते दाबायचं. खेळ जागच्या जागी थांबायचा आणि पडद्यावर आकड्यांचा तक्ता यायचा. रकाने, टक्के, खाली बेरीज. सगळं खोटं, पण चेहरा असा रडका की कुणालाही खरं वाटावं. आम्ही त्याला साहेब-बटण म्हणायचो.

आम्ही म्हणजे मी आणि गोदामवाले काका. शिलाई मशीनच्या सुट्या भागांची आमची शाखा. लोकांनी शिवायचं सोडलं आणि आमची शाखा उसवत गेली. मॅनेजर गेले, टायपिस्ट गेली, चहावालाही दारातून डोकावून पुढे जायला लागला. रिकाम्या खुर्च्यांच्या पाठींवर तेलकट डाग तेवढे उरले. त्यावरून कोण कुठे बसायचं ते कळायचं. मी बिलं करायचो, म्हणजे करायचो असं म्हणायचं. काका सुया, बॉबिन आणि पट्टे सांभाळायचे, आणि दुपारी गल्लीच्या टोकाला घरी जाऊन काकूंना भरवून यायचे. काकूंचं उजवं अंग लकव्याने गेलेलं.

तो खेळ ज्या कॉम्प्युटरवर होता, तो म्हातारा टिकला होता तोही नाइलाजाने. गोदामाचा प्रोग्रॅम त्याच्याशिवाय कुठे चालायचा नाही, आणि प्रोग्रॅम लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेला होता. खेळाच्या पिंपिंपिंचा आवाज बंद करायची सोय नव्हती, म्हणून काकांनी स्पीकरवर पट्ट्याचा तुकडा चिकटवला होता. त्यामुळे आमचा माणूस उशीत तोंड खुपसून रडल्यासारखा मरायचा.

अशात मुख्य ऑफिसातून एक तरुण साहेब आले. ते ज्या शाखेत जात तिथे महिन्याभरात कुलूप लागे. म्हणून सगळे त्यांना कुलूपसाहेब म्हणत. तोंडावर अर्थातच सर. स्वभावाने अगदी सज्जन. फाशी देताना दोर टोचत तर नाही ना, असं विचारतील असे.

ते एक दिवस लवकर आले. मी बटण दाबलं. तक्ता आला. नेहमी साहेब लोक लांबूनच तक्ता बघून समाधानाने निघून जातात. हे थांबले. वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले.

"हे काय आहे?"

"अंदाज आहे, सर."

"कशाचा?"

"पुढचा."

त्यांनी मोबाइल काढून फोटो घेतला. त्यांचा जन्म झाला तेव्हा हा कॉम्प्युटर बहुधा नवा असावा, त्यामुळे त्यांच्या नजरेत देवघरात आल्यासारखा भाव होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पुन्हा फोटो. आकडे तेच! बदलणार कुठून? पण साहेब हरखले. म्हणाले, बाकी सगळ्या शाखांचे आकडे रोज खाली जातात, तुमचे तसूभर हलले नाहीत. मी म्हटलं, हो सर, स्थिर आहेत. त्या तक्त्याची बेरीजही चुकलेली होती. बिलं करणाऱ्याच्या नजरेला ते खड्यासारखं लागतं. साहेबांना लागलं नाही.

मग त्यांनी विचारलं की ही पद्धत बसवली कुणी. आणि इथे माझ्यातला परोपकारी जागा झाला. माझ्यातला परोपकारी फार क्वचित जागा होतो, आणि झाला की कुणाचं तरी नुकसान करूनच झोपतो. मला वाटलं, शाखा बुडणार ती बुडणारच. निदान काकांची नोकरी वाचवू.

"आमच्या काकांनी," मी म्हणालो. "त्यांच्याशिवाय हे कुणाला चालवताच येत नाही."

काका मागे बॉबिन खोक्यात भरत होते. त्यांच्या हातातली बॉबिन गडगडत थेट साहेबांच्या बुटापर्यंत आली. साहेबांनी ती उचलून दोन्ही हातांनी त्यांना परत दिली.

आठवडाभराने हुकूम आला. शाखा बंद. कॉम्प्युटर मुख्य ऑफिसात हलवायचा, आणि तो चालवायला काकांनीही तिथेच रुजू व्हायचं. म्हणजे रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. न गेल्यास राजीनामा समजण्यात येईल आणि शाखा बंद झाल्यावर मिळायची भरपाईही मिळणार नाही.

मी पेढे मागणार होतो. पण काकांचं तोंड पेढ्यांचं नव्हतं. त्यांनी कागद घडी करून चहाच्या कपाखाली ठेवला. मग सांगितलं की गल्लीतल्या घाऊक दुकानदाराशी त्यांचं कधीच ठरलं होतं. शाखा बंद झाली की तो आपला माल घेणार आणि मालाबरोबर काकांनाही. घर तेच, गल्ली तीच, दुपारचं काकूंचं जेवण तेच. शाखेकडून मिळायचं ते काकूंच्या औषधाला.

"मी तुला काही सांगितलं होतं का रे?" काका म्हणाले. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "माझी सोय मी केली होती. तू माझी आणखी सोय केलीस. आता तिला दुपारी कोण भरवणार?"

मी तसाच उठून साहेबांना गाठलं. ते गोदामात फळ्या मोजत होते. त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि सगळं कबूल केलं. त्यांना वाटलं मी काकांवर जळतो. म्हणून मी साहेब-बटण पुन्हा दाबलं. तक्ता गेला, चौकोनी नाकाचा माणूस धावत आला आणि खड्ड्यात पडला. साहेबांनी पडद्यावरच्या त्या खड्ड्याला बोट लावून बघितलं.

मग त्यांनी उठून दार लावलं.

"हे मी वर पाठवलंय," ते म्हणाले. "वरच्यांनी त्यांच्या वर पाठवलंय. परवा सगळ्यांना दाखवायचं आहे."

मी विचारलं, मग खोटं आहे म्हणून कळवूया का?

"कळवा. मग तुमच्याशेजारी मीही सुया मोजायला बसतो." त्यांनी दाराची कडी पुन्हा तपासली. "हे बटण आणखी कुणाला माहीत आहे?"

"काकांना. पण काकांचे गुडघे, सर, आणि ती खड्ड्यावरची उडी..."

काय बोलतोय ते माझं मलाच कळत नव्हतं. साहेबांना मात्र बरोबर कळलं, की काकांना न्यायचं नाही. दोन दिवसांत हुकूम सुधारून आला. काकांचं नाव खोडलं होतं. त्यांना त्यांचं सगळं मिळालं, ते घाऊक दुकानात रुजू झाले, आणि दुपारी घरी जातात. निघताना मी भेटायला गेलो तर काका माझ्याशी फार बोलले नाहीत. काकूंनी डाव्या हाताने खूण करून माझ्यासाठी खुर्ची सरकवायला सांगितली, तेवढंच.

खोडलेल्या नावाच्या जागी अर्थातच माझं नाव होतं.

बायकोने शेजारीपाजारी बढती म्हणून सांगितलं. मी नाही म्हटलं नाही. आता मी मुख्य ऑफिसात असतो, भाड्याच्या खोलीत राहतो, सुट्टीला घरी जातो. माझं काम एकच: तक्ता पडद्यावर ठेवायचा. वरचे येतात, बघतात, स्थिर आहे म्हणून मान डोलावतात. खोटं उघडकीला येऊ नये म्हणून कुलूपसाहेबांनी माझं टेबल स्वतःच्या केबिनमध्ये, स्वतःच्या टेबलाला जोडून घेतलं आहे, आणि बटणाला बोटही लावू देत नाहीत.

साहेब आले की खेळ लपवायचा, एवढं मला येतं. पण हे साहेब जातच नाहीत हो! सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी त्या चुकलेल्या बेरजेकडे बघत बसतो. नोकरीत पहिल्यांदाच दिवसभर काम करतोय.