सिस्टरांची दोन सीटची गाडी

शेणव्याहून शहापूरला सिस्टरांच्या गाडीतून जायचं, तर बराचसा रस्ता पायी जायची तयारी ठेवावी लागायची. गतिरोधक दिसला की त्या गाडी थांबवायच्या आणि म्हणायच्या, "उतरा." आपण मुकाट्याने उतरायचं. मग त्या गाडी तिरकी घालून, एकेक चाक अलगद चढवून उतरवायच्या आणि पलीकडे जाऊन म्हणायच्या, "बसा." मागचा टमटमवाला हॉर्न वाजवून हैराण व्हायचा. सिस्टर काच खाली करून सांगायच्या, "जा रे बाबा पुढं. तुला घाई हाय, मला हिचं पोट सांभाळायचंय."

सिस्टर म्हणजे आमच्या शेजारच्या लताबाई. सगळी नोकरी सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यांवर पोरांना लस टोचत फिरण्यात गेली. निवृत्त झाल्या तरी गावाला त्या सिस्टरच. त्यांचा एकुलता एक मुलगा सिद्धार्थ पुण्याला इंजिनिअर होता. त्याने हौसेने एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली. पिवळीधमक, दोनच सीटची, आणि इतकी बुटकी की आत बसताना पाटावर बसल्यासारखं वाटावं. घेऊन महिना झाला नाही तोच कंपनीने त्याला जर्मनीला धाडलं. जायच्या आदल्या रात्री त्याने गाडी आणून आईच्या गोठ्यात लावली. सकाळी निघताना एवढंच म्हणाला, "सर्व्हिसिंग कंपनीच्या वर्कशॉपमधेच कर. नायतर विकायला काढली तर कुत्रं विचारणार नाय."

झालं. सिस्टर शहापूरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दाखल झाल्या. शिकवणारा म्हणाला, "मावशी, या वयात एखादी छोटी गाडी घ्या." सिस्टर म्हणाल्या, "गाडी आली घरात. तू फक्त शिकव."

तेव्हापासून त्यांनी त्या गाडीला पेशंट म्हणूनच वागवलं. सर्व्हिसिंगची तारीख आली की "डोस चुकवायचा नाय" म्हणत ठाण्याला कंपनीच्या वर्कशॉपकडे निघायच्या, आणि सोबतीला मला घ्यायच्या. आमचा गॅरेजवाला बबन कळवळून सांगायचा, "सिस्टर, तिकडच्या एका बिलात मी चार येळा ऑइल बदलून देतो."

"बबन, हवा तू भर, वायपर तू बदल, धुवायला तुझ्याकडंच आणीन. पण इंजिन आणि ब्रेक तिकडं. तुझा हात चांगला हाय रे. पण तू केलेलं काम उद्या घेणाऱ्याला दिसणार कुठं?"

म्हणून ठाण्याच्या वर्कशॉपवाल्याने त्यांना गुंडाळावं असंही नव्हतं. टाय लावलेला पोरगा गोड आवाजात इंजिनची खास सफाई, चकाकीचं कोटिंग, एसीला सुगंध असं काय काय सुचवायचा. सिस्टर विचारायच्या, "इंजिनाला काय झालंय?"

"काही नाही मॅडम, पण केलेलं चांगलं."

"काय झालंच नाय, तर सलाईन कशाला लावतोस?"

तो हसून यादीवर काट मारायचा. ब्रेक ऑइल मात्र त्या स्वतःहून बदलून घ्यायच्या. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, गाडी तर बहुतेक वेळ गोठ्यातच उभी. ऑइल कशाने खराब होईल?"

"औषधाची बाटली कपाटात ठेवली म्हणून एक्स्पायर व्हायची थांबते का रे सुरेश?"

गावात लोक हसायचे. म्हातारी पेन्शन त्या पिवळीला पाजते, म्हणायचे. मग एक दिवस सिद्धार्थचा फोन आला. त्याला तिकडेच कायमची नोकरी मिळाली होती. "आई, आता गाडी काढून टाक." सह्या करून कागदही त्याने पाठवून दिले.

नाशिकहून एक दातांचे डॉक्टर गाडी बघायला आले. त्याआधी त्यांनी मुरबाडला अशीच एक गाडी पाहिली होती. हिच्याहून नवी. पण मालकाने दिसेल त्या गॅरेजात, मिळेल ते स्वस्त ऑइल घालून ती चालवलेली. "तिला आजवर काय काय झालं, हे मालकालाच सांगता येईना," डॉक्टर म्हणाले. "किंमत बरीच पाडून देत होता, तरी छातीच होईना घ्यायची."

मग ते सिस्टरांच्या अंगणात पालथे पडून गाडीच्या पोटाखाली डोकावले. वर्कशॉपला फोन लावून प्रत्येक सर्व्हिसिंग विचारून घेतलं. उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही सांगाल ती किंमत. मी घासाघीस करणार नाही."

निम्मं गाव जमलं होतं. बबनने शिट्टी मारली. "मानलं सिस्टर तुमाला," तो म्हणाला. माझा त्या गाडीत एक स्क्रूसुद्धा नव्हता, पण छाती माझीच फुगली. सिस्टरांनी पदर खोचला आणि शांतपणे किल्ली डॉक्टरांच्या हातात ठेवली.

"निघण्याआधी एक चक्कर मारू या का?" डॉक्टरांनी विचारलं. सिस्टर सवयीने उजव्या दाराकडे गेल्या. डॉक्टर हसले. तेव्हा त्या वळसा घालून डावीकडे आल्या आणि दार उघडून जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग बसल्या. गाडी हायवेच्या दिशेने गेली, आणि तिचा तो घुमणारा आवाज आम्हाला पहिल्यांदाच पुरा ऐकू आला.

परत आल्या तेव्हा केस विस्कटलेले, गाल लाल. आता डॉक्टरांना तासभर सूचना मिळणार, म्हणून आम्ही सरसावून बसलो. पण त्या थेट घरात गेल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेलो, तर त्या फोनवर होत्या.

"सिद्धू, गाडी आणलीस त्या रात्री तू म्हणाला व्हतास ना, आई, दोनच सीट हायेत, एक माझी, एक तुझी. सकाळी फिरवतो म्हणालास. पण सकाळी विमानाची घाई झाली. बसले रे आज माझ्या सीटवर."

पलीकडून सिद्धार्थ काय म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. सिस्टर बराच वेळ नुसतं "हं, हं" करत राहिल्या. बाहेर डॉक्टर इंजिन चालू ठेवून निरोपाची वाट बघत होते. मी दारात येऊन त्यांना हातानेच खुणावलं, जरा थांबा.