आलेखाचा वाक मोडिला त्याची हकीकत

श्री. वाचणाराचे आयुष्य वाढो आणि खोटे छापणाराची शाई सुको. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. एके राज्यी प्रकाशविद्येचा कारखाना होता, तेथे अच्युतपंत प्रधान, आणि त्यांचे पदरी कुंदाबाई तांडेल म्हणोन मोठी जिद्दीची बाई, सात वर्षे एकच खडा घेऊन बसली होती. खडा अर्धवाहकाचा, आत मँगनीजचे कण मुरविलेले. बाईंनी तो हेलियमात गारठवावा, चुंबकात ठेवावा आणि वर लेसरचा किरण सोडावा. किरण बहुतेक गेला तैसाच परते. परंतु थोडका प्रकाश आतल्या इलेक्ट्रॉनाची फिरकी उलटवून, तितका जोर खर्चून, रंग किंचित बदलून येई, आणि त्याची बारीक रेघ निराळी उमटे. चुंबक वाढवावे तशी रेघ दूर सरके. बाईंनी त्या सरकण्याचा आलेख मांडिला, तो आधी चढला आणि मग वाकून आडवा जाहला. बाई हर्षे प्रधानांकडे गेल्या आणि बोलल्या, "पंत, हा वाक बघा! इलेक्ट्रॉन चुंबकापेक्षा मँगनीजचं जास्त ऐकतो. आणि मँगनीज सगळे चुंबकाकडे तोंड करून उभे राहिले, आणखी वळायला कोणी उरलंच नाही, म्हणून रेघ थांबली. सात वर्षं ह्याचीच वाट बघत होते मी."

पंतांस वाक मानवला नाही. कारण की पंतांनी आदल्याच साली भर दरबारी चढ सरळच जातो म्हणोन सांगितले होते आणि त्यावर शालही पांघरली होती. पंत बोलले, "तुमचं चुंबक थकलंय, बाई. शेवटचे सहा ठिपके गाळा आणि पट्टी लावून सरळ ओढा."

"चुंबक तीनदा तपासलंय, पंत. ते सहा गाळले तर माझं राहिलं काय?"

"नोकरी राहील," पंत बोलले, आणि बाईंचे वहीत तांबड्या शाईने हुकूम लिहून खाली सही केली. काय ही मुजोरी! सात वर्षांत ज्याने खड्यास बोट लाविले नाही, त्या उंटावरून शेळ्या हाकणाराने ठिपक्यांस खोटे म्हणावे! मग लेख छापिला, वर पंतांचे नाव, आणि बाईंचे नाव तळी आभारांत, तेही हेलियम पुरविणाराच्या खाली. बाई भांडल्या, परंतु दरबारी एकाचीही जीभ उचलली नाही. थू त्यांच्या पगड्यांवर!

वर्ष पालटले, चैत्र लागला, आणि परराज्यीच्या एका विद्वानाने तैशाच खड्याचा तोच वाक छापिला, आणि चहूकडे जयजयकार जाहला. त्याने पंतांस पत्र धाडिले की आपला आलेख सरळ कैसा, पुढचे ठिपके दाखवावे. तेव्हा पंत धावत बाईंकडे आले आणि बोलले, "कुंदाताई, वही काढा. ते सहा ठिपके आपलेच आधीचे. वाक आपलाच म्हणून सांगू."

बाई बोलल्या, "वही कालच त्यांना पाठवली, पंत."

"फार उत्तम केलंत!"

"त्यातलं ते पान जसंच्या तसं आहे. ठिपके माझ्या हातचे आहेत, आणि बाजूला तांबड्या शाईत तुमचा हुकूम आहे. सहीसकट."



तात्पर्य, ठिपके खरे ठरले, पंतांची शाल गेली. परंतु वाक परराज्यीच्या नावे गाजला तो गाजलाच, आणि बाईंची सात वर्षे कोणी परत दिली नाहीत. लिहिणाराचा राग अद्याप उतरला नाही.