उजेड मोजणारे मोडक सर

मोडक सरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते माझ्या पिठाच्या गिरणीत उकिडवे बसून जमिनीवर सांडलेलं पीठ फुटपट्टीनं मोजत होते. दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन मागं सरकल्या. "भाऊ, वजनमापाचा सायेब दिसतोय," एक जण कुजबुजली. मला घामच फुटला.

"वा!" सर म्हणाले. "मध्ये ढीग, आणि बाहेर दर चार बोटांना पीठ निम्मं. हुबेहूब आकाशगंगा!"

सर पुण्याच्या कॉलेजातून रिटायर झालेले, एकटे. खोडदला आमच्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले. गावाला वाटलं, गावाजवळच्या मोठ्या दुर्बिणीवर कामाला असणार. "छे हो, तिथं रेडिओ लहरी पकडतात. मी उजेड मोजतो," असं ते भेटेल त्याला समजावत.

तबकडीसारख्या चपट्या आकाशगंगांचे फोटो लॅपटॉपवर उघडायचे. मधल्या फुगवट्यात उजेड किती, भोवतीच्या तबकडीत किती, बाहेर तो कसा विरत जातो, याचं गणित मांडायचं. मग गणितातला उजेड फोटोतून वजा करून काय उरतं ते बघत बसायचं. "मधलं झगझगीत सगळेच बघतात हो, कडेचं कोण बघतं?" हे त्यांचं पालुपद.

एका गणपतीत मंडळानं दिव्यांची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. सरांनी मध्ये माळांचा गठ्ठा लावला आणि बाहेर प्रत्येक रांगेत दिवे निम्मे केले. गणपती लखलखला, पण कडेच्या पंगतीत सरपंचांनी अंधारात शेजाऱ्याची भजी खाल्ली.

"लई भारी लायटिंग, राव!" सरपंच म्हणाले.

"गणित बरोबर होतं," सर खूश.

त्याच सुमारास आमच्या घरात एक अबोला चालला होता. समोर गेलं की आई तोंड फिरवायची. "मी काय केलंय यांचं?" म्हणून बायको रडायची. मीही चिडून आईशी बोलणं तोडलं होतं.

एकदा सर चहाला आले. आईनं त्यांच्यासमोरही तोंड फिरवलं. सरांनी कप खाली ठेवला, तिच्याजवळ सरकले आणि बोटं तिच्या डोळ्यांसमोरून हळूहळू नेली. "मावशी, कुठं दिसेनाशी होतात?"

"मधी न्हाई दिसत, मास्तर. कडंला दिसत्यात."

"आई, बोलली का नाहीस?" मी ओरडलोच.

"म्हातारपन म्हटलं. गिरणी सोडून तू कुठं हिंडनार मला घिऊन?"

सरांनी कागदावर तिच्या नजरेचा नकाशा काढला. दुसऱ्या दिवशी आम्ही नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो. पडद्याचा मधला भाग खराब झाला होता. "इंजेक्शनं घेतली तर आहे ते टिकेल," डॉक्टर म्हणाले.

परत येताना मी गाडी चालवत होतो. सर आणि आई मागं बसले होते. मी विचारलं, "सर, तुम्हाला कसं कळलं? गणितावरून?"

सरांनी नकारार्थी मान हलवली.

"माझी आईसुद्धा अशीच तोंड फिरवायची. मला वाटलं, माझ्यावर रागावलीय. मग मी घरी जाणंच कमी केलं. ती गेल्यावर कपाटात डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद सापडला."

मी आरशात पाहिलं. आई सरांकडून मान वळवून खिडकीकडं बघत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "रडू नका. दिसतंय मला."