सातव्या उंदराची साखर

मंगळवारी सकाळी, आदल्या दिवशी काढलेल्या रक्तात, सातव्या पिंजऱ्यातल्या उंदराची साखर तीनशेच्या वर निघाली. खरं तर हा उंदीर निरोगी गटातला.

सेगेड शहरातल्या त्या प्रयोगशाळेत डॉक्टर ओदोन सिलवाशींनी उमेदीची सगळी वर्षं एकाच प्रश्नामागे घालवली होती : मधुमेहात मेंदूतल्या आठवण पक्की करणाऱ्या रिसेप्टरांचं काय होतं? ते मंदावतात, असं त्यांचं मत. म्हणूनच आजारी उंदीर हौदात पाण्याखाली दडवलेला पाट विसरून गोल गोल पोहत राहत.

त्यांनी सातव्याला हौदात सोडलं. तो सरळ पाटावर जाऊन बसला.

"गिझेला! अगं, साखर एवढी चढलीय, तरी याला सगळं आठवतंय! याचे रिसेप्टर साखरेला दादच देत नाहीत!"

गिझेला त्यांची जुनी सहकारी. ती म्हणाली, "आधी त्याचं रक्त पुन्हा बघू."

"लावलीस नाट?" म्हणत ओदोननी विभागप्रमुखांना फोन केला. कोपऱ्यावरून दोबोश केक मागवला. प्रमुख येईपर्यंत दोन तुकडे स्वतःच खाल्ले आणि वर तांब्याभर पाणी प्यायले.

तोवर गिझेलानं उंदराचं रक्त तपासलं होतं. साखर अगदी बेताची. तिनं पुन्हा तपासलं. तेवढीच.

"म्हणजे कालची नळी याची नव्हती," ती म्हणाली.

"मग कुणाची?"

"काल यंत्र नीट चालतंय का बघायला तू स्वतःचं बोट टोचलं होतंस. नळी याच तबकात ठेवलीस."

"मी? काहीतरीच!"

"मग ही बोटाला पट्टी कसली?"

ओदोननी बोटाकडे पाहिलं. "ही होय! भाजी चिरताना कापलं असेल."

"तू भाजी चिरतोस?"

ते आठवू लागले. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, जेवण खानावळीतून यायचं. घरात सुरी नेमकी कुठे असते, तेही त्यांना सांगता येईना. काल यंत्रापाशी उभे राहिल्याचं तर काहीच आठवत नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं दुसरं बोट पुढे केलं. गिझेलानं टोचलं. यंत्रावर आकडा आला : पुन्हा तीनशेच्या वर.

"ही सारखी तहान, हे दमणं," ती हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं, वय झालं तुझं."

"मलाही तसंच वाटलं गं. विसरायला लागलोय, ते मात्र कळलं नाही."

"नुसत्या साखरेमुळेही असेल. औषधानं उतरेल. डॉक्टरांना विचारू."

"मीच डॉक्टर आहे."

"उंदरांचा," गिझेला म्हणाली आणि त्यांचा कोट आणायला गेली.

एवढ्यात विभागप्रमुख धापा टाकत आत शिरले. "अभिनंदन, सिलवाशी! कुठंय तो तुमचा उंदीर?"

ओदोननी क्षणभर पिंजऱ्यांकडे पाहिलं. मग वर्गात हजेरी द्यावी तसा हळूच हात वर केला.