ढोकमावशीला घर मिळतं

बाळांनो, एका जंगलात झाडंच झाडं होती, आणि जंगल जिथं संपायचं तिथं एक उघडाबोडका माळ होता. माळावर गुडघाभर गवत, गवतात टोळ, आणि टोळांच्या मागे ढोकमावशी.

ढोकमावशी म्हणजे माळढोक पक्षीण. उंच मान, जड अंग, सावकाश चाल. त्या मुलखात तिच्या जातीची दोनच पाखरं उरली होती. एक ती आणि दुसरे तिचे यजमान. यजमान लग्न लागताच दूरच्या माळावर नाचायला निघून गेले होते. त्यांच्यात तशीच रीत असते.

मावशी वर्षाला एकच अंडं घालायची, तेही जमिनीवर. तिला फक्त मोकळी जागा लागायची. कोल्हा लांबून दिसला पाहिजे, एवढंच तिचं मागणं. यंदाचं अंडं चार दिवसांवर आलं होतं.

ही बातमी जंगलात पोचली, आणि लगेच 'ढोकमावशी बचाव समिती' स्थापन झाली. अध्यक्ष गवेअण्णा, अभ्यासक धनेश पक्षी. पहिल्याच दिवशी धनेशराव वही घेऊन माळावर उतरले.

"मावशी, तुमचं घर कुठाय?"

"हे काय, इथंच."

"इथं तर काहीच नाही."

"म्हणून तर."

धनेशरावांनी लिहिलं, 'पक्षीण बेघर. धक्क्यामुळे असंबद्ध बोलते.'

"आमच्याकडे बघा," ते म्हणाले. "अंड्यांच्या वेळी आमची ही झाडाच्या ढोलीत बसते. दार चिखलानं लिंपून टाकतो, चोचीपुरती फट ठेवतो. कुणाचा त्रास नाही."

"वहिनींना आवडतं का?"

"फटीतून कसं विचारणार? मी आपला उंबराची फळं आत सारतो."

समितीनं ठरवलं, मावशीला झाडं द्यायची. पण रोपं वाढेपर्यंत अंडं थोडंच थांबणार! मग दुसऱ्या दिवशी हत्तींनी जंगलातली वाढलेली झाडंच उपटून आणली आणि माळावर ओळीनं रोवली. वानरांनी मधलं गवत काढून जागा स्वच्छ केली. टोळ उडून गेले. मावशी मान उंच करकरून बघत राहिली. जिकडं बघावं तिकडं बुंधे. आता बुंध्याआड कोल्हा असला तरी कळणार कसं? आणि पोटातलं अंडं तर दोन दिवसांवर आलेलं.

त्या गडबडीत धनेशवहिनीही ढोलीसकट माळावर आल्या.

"अहो," फटीतून आवाज आला, "हे कुठं आणलंत मला?"

"संवर्धनाला," धनेशराव म्हणाले.

तिसऱ्या दिवशी माळ 'शांतता क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. त्यासाठी ढोल-ताशे होते. नंतर मावशीची उंची मोजली, पाऊल मोजलं, वजन केलं. ती ताणाखाली आहे का, हे तिला दर तासाला उठवून विचारलं.

चौथ्या दिवशी सकाळी भाषणं होती. गवेअण्णा बोलायला उभे राहिले. मावशी वहिनींच्या झाडाखालून हळूच चालली होती.

"निघालात?" फटीतून वहिनी कुजबुजल्या.

"हो. तुमचं दार उघडू का?"

"नको, मला इथं बरं आहे. ह्यांचं बोलणं अर्धंच ऐकू येतं. तुम्ही पळा."

मावशी ओढा ओलांडून पलीकडच्या पडीक रानात गेली. तिथं मेंढ्या चरत होत्या. एक म्हातारी मेंढी चघळता चघळता थांबली.

"कोण गं तू?"

"कोंबडी," मावशी म्हणाली.

मेंढीनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बरीच वाढलीस. काय पाहिजे?"

"बसायला जागा."

"मग बस की. विचारतेस काय?" आणि मागं वळून ती ओरडली, "अगं ए, बाजूनं चला गं. कोंबडी बसलीय."

मावशीनं चारी दिशांना बघितलं. सगळं लांबवर दिसत होतं. ती खाली बसली.

इकडं समितीनं माळ धुंडाळला. पक्षीण कुठंच दिसेना. धनेशरावांनी बराच विचार केला आणि अहवाल लिहिला, 'पक्षीण दिसत नाही, त्याअर्थी ती नव्या घरात सुखानं लपली आहे. प्रकल्प यशस्वी.' मग सगळ्यांनी एकमेकांना हार घातले.

महिन्याभरानं ओढ्यापलीकडं एक पिल्लू टोळामागे धावताना चारदा पडलं. मेंढ्या बाजूनं गेल्या.

तात्पर्य : ज्याला जगायचं आहे, त्यानं आपण दुर्मीळ असल्याची बातमी फुटू देऊ नये. शत्रूपासून पळता येतं. हितचिंतकांपासून पळायला मात्र भाषणं सुरू होईपर्यंत वाट बघावी लागते.