मेस्त्रीकाका आणि आठ इंची सबवूफर

मेस्त्रीकाकांनी गाडीसाठी सबवूफर घ्यायचं ठरवलं आणि सगळ्यात आधी मेडिकलमधून कापसाचं पाकीट आणलं.

त्या कापसाचं काम काय, ते मला दुकानात गेल्यावर कळलं. काका डेमोच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले, कापसाचे दोन बोळे वळून कानांत दाबून बसवले, डोळे मिटले, दोन्ही तळहात सीटवर सपाट ठेवले आणि सेल्समनला म्हणाले, "हां, आता वाजवा." तो माझ्याकडे बघायला लागला. मी दुकानाच्या छताकडे बघितलं. कान बंद करून स्पीकर पसंत करणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं असणार. खरं सांगायचं तर मीही.

सबवूफर म्हणजे गाण्यातला फक्त खालचा, जाडा, छातीत धडधडणारा आवाज काढणारा स्पीकर. पलीकडच्या गल्लीत हळदीचा डीजे लागतो आणि आपल्या कपाटातले काचेचे ग्लास थरथरायला लागतात, ती करामत याची. गाडीत तो बसवून घेतात विशीतली पोरं. मेस्त्रीकाका एकाहत्तर वर्षांचे. गाडी पस्तीसच्या वर नेत नाहीत, हॉर्न वाजवत नाहीत, आणि गाडीतला रेडिओ त्यांनी आजवर लावलेला नाही, कारण त्यामुळे म्हणे इंजिनाचं बोलणं ऐकू येत नाही.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. ते तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. आडनाव मेस्त्री आणि धंदाही तोच. खोपटच्या बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढली. बस आत आली की ते बॉनेटवर हात ठेवायचे आणि ड्रायव्हरने तोंड उघडायच्या आत दुखणं सांगायचे. रिटायर झाले, पण हाताची सवय गेली नाही. लिफ्टमध्ये शिरण्याआधी दारावर हात ठेवून क्षणभर थांबतात. आमच्या घरी चहाला आले की आधी फ्रिजला हात लावून येतात. "दमलाय बिचारा," म्हणतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं. कुठल्याही मशीनबद्दल शंका आली की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "हाताला विचार."

एकदा सोसायटीच्या पंपाला हात लावून ते सेक्रेटरीला म्हणाले, "बेअरिंग आठवडाभर टिकेल." पंप नवव्या दिवशी बंद पडला. अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन टँकरखाली उभी, आणि काका जिन्यात चेहरा पाडून बसलेले. दोन दिवसांनी चुकलो, याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

अशा माणसाला सबवूफर कशाला हवा, हे मला कळेना. आणखी कळेना, कारण मेस्त्रीकाकूंना ऐकू येत नाही. पाच वर्षांपूर्वी एका मोठ्या आजारपणात त्यांचे दोन्ही कान गेले. मशीन लावून पाहिलं, पण नुसता गोंगाट व्हायचा आणि डोकं धरायचं, म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. तेव्हापासून काका त्यांच्याशी आवाज न काढता बोलतात. नुसते ओठ, सावकाश, स्पष्ट. काकूंना ते बरोबर वाचता येतं. जन्मभर वर्कशॉपमध्ये ओरडून बोललेला माणूस घरात बिनआवाजाचा बोलतो. घरात ऐकणारे ते एकटेच, आणि त्यांना गाण्याची आवड अशी कधीच नव्हती.

"काका, पण कुणासाठी?" मी विचारलं.

"गाडीसाठी," ते म्हणाले. विषय संपला.

मला बरोबर न्यायचं कारण म्हणजे पेनड्राइव्ह. तो कुठे खुपसायचा आणि त्यातलं गाणं कसं काढायचं हे त्यांना जमत नव्हतं. ठाण्यातल्या त्या पहिल्या दुकानात सेल्समनने आपलं गाणं लावलं, तर काकांनी हाताने थांबवलं. "हे नको. आमचं लावा." मी पेनड्राइव्ह लावला. आतून बायकांचं भजन सुरू झालं. जुनं, घरगुती रेकॉर्डिंग. मध्ये कुणीतरी खोकतंय, कुणीतरी दार लावतंय, टाळ पुढे-मागे होतायत, आणि त्या सगळ्याच्या खाली एक पखवाज ठामपणे चाललेला.

सेल्समनने हसू दाबलं. "अंकल, बारा इंची लावा. पूरी बिल्डिंग हिलेगी."

"बिल्डिंग नाही हलवायची," काका कानातला कापूस न काढताच म्हणाले. "सीट हलवायचीय. आणि तीही नीट."

डोंबिवलीच्या दुकानात माणूस शिकलेला होता. त्याने कागदावर आकृत्या काढल्या, वॅट समजावले, खोक्यावर छापलेले वॅट वेगळे आणि सतत मिळणारे वेगळे हेही प्रामाणिकपणे सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून कापूस काढला. त्याने दहा इंची स्पीकर लावला होता, पुढे भोक असलेल्या पेटीतला. काका दोन मिनिटांत खाली उतरले.

"आवाज रेंगाळतोय. पुढची थाप पडते तरी मागची गेलेली नसते. सगळा चिखल."

"पण काका, लोकांना असाच घुमणारा आवाज आवडतो."

"लोकांच्या कानांना आवडत असेल. पाठीला विचारा."

परत येताना गाडी तेच चालवत होते. मी म्हटलं, "अहो काका, भजनच ऐकायचंय तर साधे स्पीकर पुरे की." त्यांनी नुसता गिअर बदलला. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट आहे, चार दिवसांत उतरेल. पुढच्या शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात काका, हातात कापसाचं नवीन पाकीट. "कल्याणला एक दुकान आहे म्हणतात."

कल्याणचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक गाळा होता. मालक म्हात्रे, पन्नाशीचा, तिथल्याच गावातला माणूस. त्याने काकांचा कापूस पाहिला, हसला नाही. काका डेमोच्या गाडीत बसले, तसा स्वतःही दुसऱ्या बाजूने येऊन बसला आणि हात पुढे केला. "द्या मना पन थोरा."

दोघं शेजारी शेजारी, कानांत बोळे घालून, डोळे मिटून बसले. मी बाहेर उभा राहून भजन ऐकत होतो. गाणं संपल्यावर म्हात्रेने कापूस काढला आणि सरळ विचारलं, "कोनाला ऐकू येत नाय, काका?"

मला जे तीन आठवड्यांत कळलं नव्हतं, ते या माणसाने एका गाण्यात ओळखलं.

काकांनीही बोळे काढून मुठीत धरले. मग म्हणाले, "आमच्या हिला. पखवाज तीच वाजवतेय."

म्हात्रेने मान हलवली. त्यानंतर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. "डिक्कीत बारा इंची टाकली तर निसती गाडी थरथरंल," तो म्हणाला. "थाप कंची नि घुमारा कंचा, काय समजनार नाय. तुम्हाला पायजे बारका. आठ इंची, बंद पेटीतला, सीटच्या खाली, फ्रेमला नटबोल्टनी आवळलेला. मंग कसा, हात परला का पाठीला समजंल."

काकांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तीन आठवड्यांत मी त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान पाहिलं. "नट मी आवळणार," ते म्हणाले.

काकांच्या गाडीत म्हात्रे वायरी ओढत होता आणि काका गाडीखाली आडवे झालेले. काम उरकल्यावर आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. तिथे त्यांनी आपणहून सांगितलं.

दोन महिन्यांपूर्वी ते दोघं टिटवाळ्याहून गणपतीचं दर्शन घेऊन येत होते. रस्त्यात एका लग्नाची वरात आडवी आली. पुढे डीजेचा टेम्पो, मागे आपली गाडी अडकलेली. काका वैतागून काचा वर करत होते. तेवढ्यात काकूंनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ढोल वाजतोय."

"पाच वर्षांत ती पहिल्यांदा म्हणाली रे, काहीतरी वाजतंय म्हणून," काका म्हणाले. "वरात वळून गेली तरी छातीवरचा हात काढला नाही. मला म्हणाली, गेले वाटतं."

काकू पखवाज वाजवायच्या हे मला माहीत होतं. लहानपणी दर गुरुवारी खालच्या हॉलमधून महिला मंडळाचं भजन ऐकू यायचं. माझी आई त्यात टाळ धरायची. कान गेल्यावर काकूंनी महिनाभर वाजवून पाहिलं. पण इतरांचं गाणं कुठवर आलं ते समजेना, ठेका मागे-पुढे व्हायला लागला. एका गुरुवारी त्यांनी पखवाज पुसला, खोळ घातली आणि मंडळाला देऊन टाकला. पुन्हा त्या हॉलकडे फिरकल्या नाहीत. मंडळातल्या एकीला घर आवरताना जुनी कॅसेट सापडली. तिच्या मुलीने ती पेनड्राइव्हवर उतरवून काकांना आणून दिली आणि एकदा ऐकवलीही होती.

"काकूंचा हात छान होता," मी म्हटलं.

"छान होता?" त्यांनी कप खाली ठेवला. "तुला कळायचं?"

"मला काय कळणार? आई म्हणायची. शालनवहिनी पखवाजावर बसल्या की गाणारीला काळजी नाही, म्हणायची."

काकांनी कप बोटांनी फिरवला. मग म्हणाले, "मी एकदाही गेलो नाही रे. नुसते तीन मजले उतरायचे होते. कधी ड्युटी. ड्युटी नसेल तेव्हा म्हणायचो, दिवसभर डोक्यात इंजिनं, आता घरीही ठोकाठोक नको. ती वाजवायची म्हणजे मला एवढंच माहीत, की पखवाजाला लावायला कणकेचा गोळा न्यायची आणि गुरुवारी एक पोळी कमी पडायची. त्यावरूनही बोललोय मी तिला." थोड्या वेळाने म्हणाले, "या पेनड्राइव्हवर पहिल्यांदा ऐकलं. आता मला ऐकू येतंय आणि तिला नाही."

मी चहाचे पैसे दिले. त्यांनी उरलेला चहा तसाच ठेवला.

रविवारी सकाळी काकूंना गाडीत बसवलं. पेनड्राइव्हच्या कामाला मी मागे होतोच. काकूंना काही सांगितलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, उपवन तलावावर फिरायला चाललोय. पदर सावरून, पर्स मांडीवर घेऊन बसल्या. तलावाच्या रस्त्याला लागल्यावर काकांनी आरशातून मला खूण केली. मी भजन सुरू केलं.

पहिल्या थापेला काकू दचकल्या. खाली वाकून सीटकडे बघितलं, मग मागे टेकल्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. काका रस्त्याकडे बघत होते, पण गाडी पस्तीसवरून वीसवर आली होती. मागचा रिक्षावाला हॉर्न मारमारून पुढे निघून गेला. मला वाटलं, फसलं सगळं. त्यांना नुसतं हादरल्यासारखं होत असेल, आता म्हणतील गाडी गॅरेजला दाखवा.

मग मला त्यांची बोटं दिसली. पर्सवर पडत होती. उजव्या हाताची आधी, मागून डाव्या हाताचा तळवा. भजन चढलं तशी बोटं चढली. तिसरा अभंग सुरू झाला आणि काकू एकदम मोठ्याने म्हणाल्या, कारण स्वतःचा आवाज किती लागतो याचा त्यांना अंदाज राहिलेला नाही, "इथे घाई केली मी. त्या दिवशी लवकर घरी यायचं होतं. तुम्ही जेवायचे राहिला होतात."

म्हणजे त्यांनी स्वतःचा हात ओळखला होता. कुठला गुरुवार, तेही ओळखलं होतं.

काका समोर बघत राहिले. काकू त्यांच्याकडे वळल्या. रागाने नाही, एखादी जुनी गोष्ट आठवावी तसं म्हणाल्या, "तुम्ही कधी आला नाहीत ऐकायला."

काकांनी इंडिकेटर दिला, आरशात बघितलं आणि गाडी तलावाच्या कठड्याला लावून हँडब्रेक ओढला. मग पूर्ण वळून त्यांच्याकडे तोंड केलं आणि काहीतरी बोलले. नेहमीसारखं, आवाज न काढता. मागून मला फक्त त्यांची मान दिसत होती. बराच वेळ बोलत होते. एकदा मध्येच थांबले, पुन्हा बोलले.

काकूंनी शेवटपर्यंत त्यांच्या ओठांवरून नजर काढली नाही. मग डोळे पुसले. "असू दे," म्हणाल्या. "तेव्हा तुम्हाला कळलंही नसतं."

सीटखाली पखवाज चालूच होता. काकूंनी गिअरवरचा काकांचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, पालथा केला आणि त्यावर बोटांनी ठेका धरला. "भजनी ठेका. आठ मात्रा असतात. मी वाजवते, तुम्ही मोजा. ओठ हलवा, म्हणजे मला दिसेल."

काका मोजायला लागले. चारपर्यंत बरोबर गेले. पाचाला गडबडले, सहा कुठे गेला कळलंच नाही, आणि सातऐवजी त्यांच्या ओठांवर पुन्हा एक आला.

"चुकलात," काकू म्हणाल्या. "पुन्हा."