आजोबांची शपथ आणि सासूचा जिना

हे मी लिहिणारच नव्हतो. झालं ते दिझिनच्या डोंगरावर झालं, तिथेच गाडून टाकू असं ठरवलं होतं. पण गोष्ट माझ्याआधी तेहरानला पोचली. परवा केस कापायला गेलो तर न्हाव्याने ती मलाच ऐकवली, आणि त्याच्या गोष्टीत मी एका म्हाताऱ्या माणसाची सायकल चोरून पळालो होतो. म्हणून लिहितोय. घडलं ते चोरीपेक्षा वाईट आहे, पण निदान खरं आहे.

आधी एक सांगून ठेवतो. मला दोन गोष्टी जमतात. एक, खडकांवरून सायकल खाली आणणं. दुसरी, तारोफ.

तारोफ म्हणजे काय, तर दारात आलेल्याला "आधी तुम्ही" म्हणायचं, त्याने "छे, आधी तुम्ही" म्हणायचं, आणि आतलं जेवण थंड होईपर्यंत दोघांनीही आत जायचं नाही. आपली वस्तू कोणी नावाजली की "तुमचीच आहे, घेऊन जा" म्हणायचं. त्याने नको म्हणायचं. असं तीनदा. तिसऱ्या नकाराला दोघंही सुटतात आणि वस्तू जागच्या जागी राहते. आमच्या घराण्यात मी यात उस्ताद मानला जातो. एकदा मावशीच्या यजमानांना "आधी तुम्ही" करता करता मी मागे सरकत थेट शेजाऱ्यांच्या घरात गेलो होतो.

तर शुक्रवार होता. अकरा वाजता निवड चाचणी. प्रांताच्या संघात तीन जागा, उतरणारे नऊ जण, एकेकाला वरून सोडणार आणि खाली घड्याळ. हिवाळ्यात लोक जिथे स्की करतात त्याच उतारावरून, फक्त बर्फाच्या जागी धूळ आणि दगड. मी दोन हिवाळे तिथल्याच स्कीच्या दुकानात लोकांचे ओले बूट वाळवायचं काम केलं होतं. त्या बुटांचा वास मला अजून स्वप्नात येतो. तो वास सहन करून घेतलेली सायकल माझ्या हातात होती, आणि मला ती सगळी वाट पाठ होती. सासूचा जिनासुद्धा.

सासूचा जिना म्हणजे अकरा खडकांची उतरंड. डावीकडे वळत जाते, धरायला कुठे काही नाही, आणि एकदा चुकलात की लोक वर्षभर ऐकवतात. मी गेल्या महिन्यात तो सलग चौदा वेळा पाय न टेकता उतरलो होतो. म्हणून सकाळी मी हूमनला म्हणालो, "आज पहिल्या तिघांत नाही आलो तर मिशी काढून टाकीन."

"तुला मिशी आहे?" हूमन म्हणाला.

हूमन माझा मित्र. पायथ्याशी एका निळ्या टेम्पोच्या मागे बसून तो सगळ्यांच्या सायकली दुरुस्त करतो. जन्म तेहरानचा, पण "नको" म्हणजे नको आणि "हो" म्हणजे हो असं समजणारा माणूस, त्यामुळे त्याला लग्नांना कोणी बोलावत नाही.

साडेनऊ वाजता आम्ही रोपवेच्या रांगेत उभे होतो. पुढे एक गृहस्थ. पांढऱ्या मिशा, कोट, चकचकीत बूट, बगलेत थर्मास. त्यांनी वळून माझ्या सायकलीकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाले,

"वा. काय देखणी सायकल आहे."

"तुमचीच आहे," मी म्हणालो.

"छे छे. ज्याची त्यालाच शोभते."

"तुमच्या नजरेत भरली, आता ती माझी कशी राहील? घेऊन जा."

"देव तुला दीर्घायुष्य देवो, पोरा. मी भूमितीचा मास्तर. निवृत्त. मला काय करायची?"

"तुमच्यापुढे सायकलीची काय किंमत, आगा. घ्याच."

"नको, नको. मनापासून नको."

झाले तीन नकार. इथे थांबायचं असतं. पण मागे करज शहरातली दोन पोरं उभी होती, तीही चाचणीला आलेली, आणि ती कौतुकाने ऐकत होती. ऐकणारे मिळाले की मला थांबता येत नाही.

"माझ्या आजोबांच्या कबरीची शपथ आहे तुम्हाला," मी म्हणालो. "न्यायलाच पाहिजे."

हूमनच्या हातातला पाना खाली पडला. मेलेल्या माणसाची शपथ घातल्यावर नाही कसं म्हणणार? त्या गृहस्थांचा चेहरा हळूहळू उतरला.

"मग काय बोलणार," ते म्हणाले. "आजोबांचा मान राखायला हवा." आणि त्यांनी माझी सायकल हातात घेतली, शेजारणीचं बाळ अचानक मांडीवर ठेवलं आणि ते ओलं निघालं, तर माणूस धरेल तशी.

हूमनने मला बाजूला ओढलं. "जा. परत माग."

"परत मागू? दिलेली वस्तू? आई मला घरात घेईल का?"

"मग अकरा वाजता काय आजोबांवर बसून उतरणार आहेस?"

"तू आजोबांना मध्ये आणू नकोस."

"मी आणलं, गाढवा?"

तेवढ्यात रोपवेचा डबा आला. गृहस्थ सायकलीसकट आत शिरले. सायकल वर चालली तर मी खाली राहून काय करणार? मीही शिरलो. हूमन मागच्या डब्यात बसला.

त्यांचं नाव आगा सोतूदे, आगा म्हणजे साहेब. ते रक्तदाबासाठी दर शुक्रवारी वर जातात, अर्धा तास हवा खातात, चहा पितात, खाली येतात. हे सगळं त्यांनी मला सांगितलं. आमच्या दोघांच्या मध्ये सायकल उभी, तिचं पुढचं चाक त्यांच्या गुडघ्यांत आणि मागचं माझ्या. मी ठरवलं, मागायची नाही, पण सूचक बोलायचं.

"आगा, मागचा ब्रेक जरा लहरी आहे हं."

"वय झालं की सगळेच लहरी होतात."

"आणि सीट फार खाली आहे. बसायला नाहीच ती."

"मग मी उभाच राहीन."

खाली उतारावर मेंढ्या चरत होत्या. मग ते खाकरले. "माझं घर चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही."

आता मागे वळून बघताना कळतं की तो माणूस दार उघडून धरत होता. नुसतं "अरे बापरे, मग कशी नेणार?" म्हणायचं होतं. पण माझं तोंड माझ्याआधी उठतं.

"चौथा मजला? मी स्वतः खांद्यावरून आणून देईन ना."

"माझ्या बायकोला घरात चाकं आवडत नाहीत," ते अगदी हळू म्हणाले.

"मी चाकं धुऊन आणीन."

सोतूदेंनी कपाळ काचेला टेकलं. मला वाटलं, त्यांना उंचीची भीती वाटतेय.

वर पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. मला वाटलं होतं, आता ते सायकल कुठेतरी टेकवतील, चहा ओततील, आणि मी बोलता बोलता हँडलवर हात ठेवीन. पण सोतूदे सरळ ट्रॅकच्या तोंडाशी गेले आणि पँटचे पाय मोज्यांत खोचायला लागले.

"आगा, काय करताय?"

"शपथेवर मिळालेली भेट नुसती ढकलत नेली तर दिलेल्याचा अपमान होतो," ते म्हणाले. "एक फेरी मारतो."

"यावरून? इथे हेल्मेट लागतं, आगा."

"माझ्याकडे नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आशा दिसली.

"माझं घ्या," मी म्हणालो.

ती आशा गेली. त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. हातमोजे घ्या म्हणालो. गुडघ्यांची पॅडं घ्या म्हणालो. हूमन मागच्या डब्यातून उतरून आला तेव्हा मी नुसत्या बनियनवर उभा होतो, आणि भूमितीचे निवृत्त मास्तर कोटावर छातीचं कवच, लोकरी पँटवर गुडघ्यांची पॅडं आणि डोक्यावर माझं पिवळं हेल्मेट घालून सायकलीवर बसले होते. पुढचं चाक उताराच्या कडेवर होतं. त्यापुढे काही नव्हतं.

"बिस्मिल्ला," सोतूदे म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. ईदच्या आदल्या दिवशी अंगणात बांधलेला मेंढा असं बघतो.

त्यांची बोटं ब्रेकवर पांढरी पडली होती. सायकल वीतभर सरकली. संघ, तीन जागा, बुटांचा वास, सगळं क्षणभर विसरलो. हा माणूस माझ्या तोंडामुळे मरणार, आणि वर माझ्या आजोबांना भेटून सगळं सांगणार.

"आगा," मी म्हणालो, "मी उगाच म्हणालो होतो. मला सायकल द्यायची नाही. परत द्या."

एवढं उद्धट वाक्य मी आयुष्यात कोणाला बोललो नव्हतो. माझे कान गरम झाले. सोतूदे सायकलीवरून उतरले, उतरले म्हणजे जवळजवळ सांडले, आणि त्यांनी माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. हेल्मेटसकट. माझ्या नाकाला अजून खूण आहे.

"पोरा, पोरा," ते म्हणाले, "हे खाली का नाही बोललास? मी डब्यात मनातल्या मनात मृत्युपत्र केलं." त्यांनी सायकल पुढे केली. "घे. तुझी आहे."

आणि माझं तोंड म्हणालं, "नको, असू द्या, खरंच—"

हूमनने माझ्या तोंडात हातमोजा कोंबला. मग त्याने स्वतः सायकल घेतली, सोतूदेंच्या अंगावरून माझं एकेक सामान काढलं आणि मला लहान मुलासारखं कपडे घालून उभं केलं. अकराला दहा मिनिटं कमी होती.

"आता ऐक, बर्दिया," तो म्हणाला. "मी जिन्यापाशी झेंडा घेऊन उभा असेन. कोणी पडलं तर झेंडा हलवायचा, एवढंच माझं काम आहे. मला आज हात हलवायचा कंटाळा आलाय. समजलं?"

"मीही येतो," सोतूदे म्हणाले. "याला उतरताना पाहिल्याशिवाय मी घरी जाणार नाही." आणि ते दोघं बाजूच्या पायवाटेने खाली गेले, एक झेंडा घेऊन, एक थर्मास घेऊन.

माझा नंबर सातवा होता. माझ्याआधीच्या सहांपैकी चौघांनी जिन्यावर पाय टेकला होता, हे वर कळलं. म्हणजे जिना साफ उतरलो तर माझी जागा जवळजवळ पक्की. शिट्टी झाली आणि मी सुटलो.

बढाई मारत नाही, पण वरचा भाग मी असा उतरलो की मलाच मी अनोळखी वाटलो. सैल दगडांची घळ, तिथे मी ब्रेकला हात लावला नाही. वळणावर मागचं चाक घसरलं, तेही मला हवं तेवढंच. धूळ दातांत, वारा कानांत, पुढे सासूचा जिना. पहिला खडक. दुसरा. तिसरा. शॉकअप खालीवर होत होते, मी वर स्थिर, जणू ट्रेमधून पेले नेतोय. सहावा. सातवा.

आठव्या खडकाच्या बाजूला हूमन उभा होता. झेंडा खाली होता, तोंड उघडं. त्याच्या शेजारी दगडावर आगा सोतूदे बसले होते. मला बघून ते आदराने उठून उभे राहिले, थर्मासचं वाफाळतं झाकण पुढे धरलं आणि प्रेमाने म्हणाले,

"ये, पोरा, घोटभर चहा घे."

आता तुम्हीच सांगा. वडीलधारा माणूस उभा राहून चहा देतोय. त्याला उत्तर न देता पुढे जायचं? आमच्याकडे अशा वेळी उजवा हात छातीवर ठेवतात, जरा वाकतात आणि म्हणतात, तुम्हीच घ्या, तुमच्या हातचा चहा आम्हाला पोचला.

मी उजवा हात छातीवर ठेवला. वाकलोही.

हँडलला हे माहीत नव्हतं. ते डावीकडे वळलं. सायकल नवव्या खडकावर गेली, मी दहाव्यावर, आणि मग आम्ही दोघं वेगवेगळ्या वाटांनी अकराव्यापाशी भेटलो. मध्ये एक काटेरी झुडूप होतं, उशीएवढं गोल. त्यावर मी बसलो. हूमन शपथेवर सांगतो की हवेत असतानाही मी वाक्य पूर्ण केलं. "उगाच तुम्हाला त्रास" हे शब्द त्याने स्पष्ट ऐकले म्हणे.

उठलो, सायकल उचलली, काट्यांसकट खालपर्यंत गेलो. बसता येत नव्हतं, पण त्या सायकलीवर तसंही बसायचं नसतंच.

चौथा आलो. तिसऱ्यापेक्षा दोन सेकंद जास्त.

तिसरा आला तो करजच्या त्या दोघांपैकी एक. बिचारा भला मुलगा. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "ही जागा खरं तर तुझी होती."

"छे," मी म्हणालो, "तुझीच आहे." आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य मी बोललो आणि ते खरं होतं. ते किती दुखतं हे तेव्हा कळलं.

नंतर मी निळ्या टेम्पोच्या मागे पालथा पडलो होतो. हूमन चिमट्याने काटे काढत होता. आगा सोतूदे शेजारी पेटीवर बसून माझ्यासाठी खडीसाखर फोडत होते आणि दर काट्याला "अरेरे" म्हणत होते. उजवं मनगट टरबुजासारखं सुजलं होतं.

"दोन सेकंद," हूमन म्हणाला. "मी मोजलं. तुझा तारोफ तीन सेकंदांचा होता. पडलास ते वेगळंच."

"पण हूमन जान, ते उभे राहिले होते."

"त्यांनी कबरीतून उठून चहा दिला असता तरी." त्याने एक काटा जरा जास्तच जोरात ओढला. "पुढच्या उन्हाळ्यात परत चाचणी आहे. तू येणार आहेस. वाटेत कोणी चहा देवो, जेवायला बोलावो, मुलगी देवो, तुझे दोन्ही हात हँडलवर राहतील. वचन दे."

सोतूदे म्हणाले, "दे पोरा, वचन दे. मीही थर्मास आणणार नाही."

"नाही नाही आगा, थर्मास तर तुम्ही आणायलाच—"

"बर्दिया," हूमन म्हणाला. चिमटा हवेत थांबला होता.

"बरं, बरं. वचन. दोन्ही हात हँडलवर, काही झालं तरी."

मी वचन दिलं. अगदी मनापासून दिलं. मनगट सुजल्यामुळे उजवा हात उचलवत नव्हता, म्हणून डावा छातीवर ठेवून.